दातांचा बस्ता

आमच्या दुकानाचं शटर जुनं आहे. वर जाताना कुरकुरतं आणि खाली येताना मध्येच अडतं, म्हणून ते ओढायला एक लोखंडी आकडा ठेवलेला आहे. त्या संध्याकाळी मी आत गठ्ठे लावत होतो आणि बायको शटर ओढत होती. आकडा निसटून तिच्या तोंडावर बसला. आवाजही फारसा झाला नाही. बाहेर येऊन बघतो तर ती पायरीवर बसलेली, तोंडाशी पदर आणि पदर लाल होत चाललेला. ‘दाखव’ म्हटलं तर मानेनंच नको म्हणाली. मग मूठ उघडली. तळहातावर तिचा दात होता.

वरचे समोरचे तीन दात गेले. एक असा हातात आला, शेजारचे दोन मुळाशी तुटले होते आणि ते बीडच्या दातांच्या डॉक्टरबाईंनी काढूनच टाकले. या डॉक्टरबाई आमच्या मुलीपेक्षा फार मोठ्या नसतील, पण समजावून सांगायची हातोटी चांगली. आधी जखम भरू द्यायची, मग जबड्याच्या हाडात दोन स्क्रू बसवायचे, हाड त्या स्क्रूंना घट्ट धरेपर्यंत थांबायचं आणि शेवटी त्यांच्यावर तीन दात चढवायचे. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "भाकर खाता येईल का?"

"येईल की काकू. ऊस तेवढा दातानं सोलू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या.

आमचं चौसाळ्याला कापडाचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. सकाळी महादेवाला बेल वाहून, कपाळाला भस्म लावून मी गादीवर बसतो. सूत कुठलं, रंग पक्का की कच्चा, हे मी बोटांनी सांगतो. पण माल जाणणं वेगळं आणि माल विकणं वेगळं. विकते ती बायको. ब्लाउजपीस दाखवता दाखवता ती गिऱ्हाइकाच्या सासूची, नणंदेची, आजारी म्हशीचीसुद्धा चौकशी करते आणि मोठ्यानं हसते. तुझं हसणं हायवेच्या पलीकडं चहाच्या टपरीवर ऐकू जातं, ही माझी लग्नापासूनची तक्रार. दात गेले तशी माझी तक्रार मिटली आणि मला दुकानात करमेना.

ती दुकानात यायचीच बंद झाली. डॉक्टरबाईंनी मधल्या काळासाठी काढता-घालता येणारी कवळी दिली होती, पण ती जेवताना काढून ताटाशेजारी ठेवायची तिला शिसारी यायची. म्हणून ती आमच्याबरोबर जेवेना. सगळ्यांचं उरकल्यावर स्वयंपाकघरात पाठमोरी बसून दुधात भाकरी कुस्करून खायची. बायका दुकानात येऊन विचारायच्या, "शेठाणी न्हाईत का?" आणि साड्या उलट्यापालट्या करून तशाच जायच्या. मला चीड यायची. ती कुणावर काढावी हे न कळून मी शटरला शिव्या द्यायचो.

आता तिच्या दातांचं सांगायला पाहिजे. ते मुळात पांढरे कधीच नव्हते. तिचं माहेर नेकनूरच्या आतल्या बाजूला, लहानसं गाव. तिथल्या बोअरच्या पाण्याचा गुण असा की ते पिऊन वाढलेल्या माणसाच्या दातांवर तपकिरी आडव्या रेघा उमटतात आणि जन्मात जात नाहीत. त्या चौघी बहिणी, चौघींच्या दातांवर त्या रेघा. भावाच्या दातांवर, भावकीच्या दातांवर, सगळ्या गावाच्या दातांवर. आठवडी बाजारात एखादी अनोळखी बाई हसली की माझी बायको थांबून विचारणार, "तुमी आमच्याकडच्या का?" आणि ती बाई नेमकी तिकडचीच निघणार. मग माझ्या हातात पिशव्या देऊन दोघी रस्त्यातच बोलत बसणार. मुलगी बघून घरी आल्यावर माझ्या आईनं मला विचारलं होतं, "दात बघितलेस का रं तिचे?" मी कसले दात बघतोय. मान वर करायचीच माझी हिंमत झाली नव्हती. लग्नानंतर दिसले, तोवर ती मला आवडायला लागली होती आणि पुढं तर ते दिसायचेही बंद झाले. घरातल्या माणसाच्या दातांकडं कोण बघतं?

स्क्रू हाडात बसले. दातांचा रंग ठरवायची वेळ आली तेव्हा डॉक्टरबाईंनी बोलावलं. आता आमच्याकडं महत्त्वाची खरेदी एकट्यादुकट्यानं करायची पद्धत नाही. लग्नाचा बस्ता काढायला टेम्पो भरून माणसं येतात. मामा, आत्या, चुलत्या, एखादी शेजारीणसुद्धा. प्रत्येकजण साडीला हात लावून आपलं मत देतो आणि जिचं लग्न आहे ती पोरगी कोपऱ्यात बसून ‘तुमी म्हणाल ते’ म्हणते. जन्मभर मी हेच बघत आलो आणि त्यावरच आमचं पोट आहे. त्यामुळं बायकोच्या दातांचा रंग ठरवायला मी, माझा धाकटा भाऊ, भावजय आणि फोनवर पुण्याला नोकरी करणारी मुलगी एवढे हजर होतो, याचं मला काहीच नवल वाटलं नाही. डॉक्टरबाईंना वाटलं असावं, कारण त्यांनी आतून दोन खुर्च्या मागवल्या.

त्यांनी एक पट्टी काढली. तिच्यावर ओळीनं नमुन्याचे दात, शुभ्र पांढऱ्यापासून पिवळटापर्यंत. मी ती पट्टी उचलली आणि सरळ दवाखान्याच्या दारात गेलो. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. साडी घेणारी कुठलीही शहाणी बाई ती दारात नेऊन उन्हात बघते. मला वाटलं डॉक्टरबाई हसतील, पण त्या म्हणाल्या, "बरोबर आहे काका, दिवसाच्या उजेडातच बघायचा." मी जरा फुगलो.

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे नवे दात शेजारच्या दातांसारखेच करायचे, त्यांच्यावरही तशाच तपकिरी रेघा रंगवून घ्यायच्या. दुसरी म्हणजे नवे दात पांढरे करायचे आणि त्यांना जुळण्यासाठी समोरचे बाकीचे जुने दात वरून थोडे घासून त्यांच्यावर पातळ पांढरे पापुद्रे कायमचे चिकटवायचे. "पण एकदा घासलेला दात पुन्हा पहिल्यासारखा होत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून नीट विचार करून सांगा."

पहिली वाट ऐकून मी हसलोच. डागी माल आला तर मी व्यापाऱ्याला परत पाठवतो. इथं कोऱ्या मालावर मुद्दाम डाग काढून घ्यायचे? भाऊ म्हणाला, "पांढरेच. त्यात काय विचारायचं." भावजय म्हणाली, "ताई शिनेमातल्यावानी दिसतील." मुलगी फोनवरून म्हणाली, "आई, मस्त चान्स आहे, सगळेच पांढरे करून टाक." आम्ही तिघं पट्टीवर वाकून आणि मुलगी फोनवरून, कुठला पांढरा घ्यायचा यावर वाद घालत होतो. हा फार दुधाळ, तो जरा निळा मारतो. बायको त्या मोठ्या खुर्चीत आडवी, छातीवर हिरवं फडकं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काकू, तुम्हाला काय वाटतं?"

"ह्ये म्हणतील ते," बायको म्हणाली.

डॉक्टरबाई तरीही लगेच घासायला तयार होईनात. म्हणाल्या, आधी ट्रायल घेऊ. नवे तिन्ही दात तात्पुरते बसवते आणि जुन्यांना न घासता वरून तात्पुरता पांढरा थर देते. नागपंचमी होऊ द्या. आवडलं तर मग घासून पक्कं करू. ट्रायल हा शब्द मला आवडला. आमच्या धंद्यातला आहे.

त्या आठवड्यात बायको गल्ल्याशेजारच्या तिच्या जागेवर येऊन बसली. खोटं कशाला बोलू, मला आभाळ ठेंगणं झालं. टपरीवाला मुद्दाम रस्ता ओलांडून बघून गेला. बायका म्हणायच्या, "शेठाणी, लई भारी दिसायलेत की दात. कुठं केले?" ती बीडचा पत्ता सांगायची. हसायचीसुद्धा, पण बेतानं, ओठ किती उघडायचे ते ठरवून. मला वाटलं, नवी चप्पल पायात बसायला वेळ लागतो तसंच हे.

पंचमीला त्या चौघी बहिणी माहेरी जमतात. इतक्या वर्षांत हे चुकलेलं नाही. लिंबाला झोका बांधतात, फेर धरतात, आणि त्यांतल्या तिघी नातवंडांच्या आज्या झाल्यात हे त्या दिवशी विसरतात. मी तिला सोडून आलो आणि दुसऱ्या दिवशी आणायला गेलो. मेहुण्यानं ओसरीवर खुर्ची टाकली, चहा आला. एरवी त्या चौघी अंगणात असल्या की आम्हा पुरुषांना बोलायची सोय नसते, इतकी त्यांची खिदळाखिदळ. त्या दिवशी मेहुण्याचं आणि माझं सोयाबीनचं बोलून झालं, पावसाचं झालं, सरपंचाचं झालं, तरी अंगणातून आवाज येईना. मी समजलो, दमल्या असतील.

परत येताना मांजरसुंब्याला ढाब्यावर चहाला थांबलो. ट्रक येत होते, जात होते. बायकोनं कप हातात धरून ठेवला होता, पीत नव्हती.

"मला दात घासून घ्यायचे न्हाईत," ती म्हणाली.

"कावून? दुखायलेत का?"

"दुखत न्हाईत. अक्का माज्याम्होरं तोंडाला पदर लावून हसली."

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. आईमागं हिला तिनंच वाढवलं. मला काही उमगेना. म्हटलं, "मग?"

"ती कुणाम्होरं पदर लावती, ठाव हाय का तुमाला? शाळंत बाईम्होरं लावायची. दवाखान्यात लावती. लग्नात पुण्यामुंबैचं पाव्हणं आलं की लावती. आमी बहिणी बहिणी असल्यावर तिनं कवाच तोंड झाकलं न्हाई. काल तिनं झाकलं. मग दोघी बी झाकायल्या. मी हसले की त्यांचे हात तोंडाकडं जायचे. मुद्दाम न्हाई करीत हो त्या, त्यांचं त्यांनाच कळत न्हवतं. मग मीच हसायचं बंद केलं."

मला तिचा राग आला. एवढे हेलपाटे, एवढा सोसलेला त्रास, सगळं जुळून आलेलं, आणि हिचं हे काय. मी म्हणालो, "होईल त्यांना सवय."

"त्येच तर. त्यांना सवय झाली तर मी काय करू?"

आणि ती रडायला लागली. ढाब्यावर, चार माणसांत, तोंड न झाकता. दात पडले त्या दिवशी ती रडली नव्हती, जबड्यात स्क्रू गेले तेव्हाही नाही. "दात पडायच्या आगुदर मला कवा वाटलंच न्हाई, माजे दात वंगाळ हायत म्हणून," ती म्हणाली. माझा राग कुठल्या कुठं गेला. मी तिच्या हातातला कप काढून घेतला, दुसरा गरम चहा सांगितला आणि शेजारी जाऊन बसलो. हिच्या तोंडाचा निकाल आम्ही चौघांनी लावला होता, आणि दात घासून बसलो असतो तर मग हिच्यासाठी माहेरची वाट उरली नसती.

बीडला या खेपेला आम्ही दोघंच गेलो. भावाला सांगितलंच नाही. डॉक्टरबाईंनी विचारलं आणि बायको बोलायला लागली. त्या खुर्चीत आडवं होऊन ती एवढं बोलेल असं मला वाटलं नव्हतं. पांढरा थर काढून टाका म्हणाली. नवे तीन माझ्या बाकीच्या दातांसारखे करा. डॉक्टरबाई ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "होईल काकू. सोपं नाही, पण होईल." त्यांनी तिचे शिल्लक दात सगळ्या बाजूंनी मोठे मोठे फोटो काढून घेतले, दात घडवणाऱ्या कारागिराला पाठवायला.

माझ्यातला कापडवाला अजून मेला नव्हता. मी म्हणालो, "निदान रेघा जरा फिक्या काढायला सांगा."

बायकोनं खुर्चीतूनच माझ्याकडं बघितलं. "फिक्या कावून? डावीकडचा कसा हाय, तसाच पाह्यजे."

मुलीला कळल्यावर ती फोनवर चिडली. लोक डाग काढायला दवाखान्यात जातात आणि तू बसवून घेतीस, म्हणाली. बायको शांतपणे म्हणाली, "तुजे दात चौसाळ्याच्या पाण्याचे हायत बाई. माजे माज्या गावचे हायत." मग मुलीनं विचारलं, "आई, तुला खरंच तसे आवडतात?" बायको म्हणाली, "आवडायचं काय त्यात. हायत."

दात तयार होऊन आले. मला तर उत्तम वाटले. बायकोनं आरशात बघितलं, ओठ वर करून या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं आणि मान हलवली. "असे नसतात. ह्या रेघा पट्टीनं मारल्यासारख्या सरळ हायत. आमच्या वर-खाली असतात, मधीच तुटतात." डॉक्टरबाईंना हसू आवरेना. डाग नीट नाहीत म्हणून दात परत पाठवणारं पेशंट त्यांना आजवर मिळालं नव्हतं. पण त्यांनी पाठवले, आणि दुसऱ्यांदा आले ते बसल्यावर मी तिच्या तोंडाकडं बघितलं तर मला तो आकडा निसटायच्या आधीची बायको दिसली. मग मात्र मला दारात जाऊन उन्हात बघावंसं वाटलं नाही.

हे सगळं होईपर्यंत येळवस आली. म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी शेतात कडब्याची लहानशी कोपी उभारून तिथं पूजा करायची आणि घरदार, सोयरेधायरे सगळ्यांनी शेतातच जेवायचं. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. यंदा अक्कानं तिघी बहिणींना आपल्या शेतात बोलावलं होतं. नेकनूर मागं पडलं तसं बायकोनं गाडीच्या काचेत दोनदा तोंड बघून घेतलं. दात चांगले बसले होते, यात शंका नव्हती. पण बहिणींच्या मनात ती एकदा परकी होऊन बसली होती, आणि त्यावर कुठल्या डॉक्टरकडं इलाज असतो?

ज्वारी कमरेच्या वर आलेली. अक्का कोपीपाशी बसून भाजीचं पातेलं ढवळत होती. बायकोला बघितलं तसं तिनं उलथनं बाजूला ठेवलं आणि आधी पदर सारखा केला.

"काडलेस का त्ये पांढरे?" तिनं विचारलं.

"काडले."

"आन् आता?"

"आता दुसरे बसवलेत."

"बघू."

बायको तिच्यासमोर जाऊन बसली. अक्कानं ओला हात लुगड्याला पुसला, तिची हनुवटी धरली आणि तोंड उन्हाकडं फिरवलं. बराच वेळ बघत राहिली. बाकीच्या दोघी आंबिलीचे तांबे तसेच सोडून येऊन बसल्या. तीन म्हाताऱ्या होत आलेल्या बायका चौथीच्या तोंडात डोकावत होत्या. ओढ्याकडून मुलांचा आवाज येत होता तेवढाच.

"कंचे बसवलेत गं?" शेवटी अक्का म्हणाली.

"तूच सांग."

अक्कानं बोट घातलं आणि एका दातावर टेकवलं. "ह्यो. ह्यो नकली दिसतो."

तो तिचा जन्माचा दात होता. मला ठाऊक होतं, बायकोला ठाऊक होतं. तिनं तोंड तसंच उघडं ठेवलं.

"न्हाई गं, त्यो नव्हं," मधली म्हणाली. "त्येच्या पलीकडचा बघ. त्यो लई चकाकतो." तोही खरा. धाकटी म्हणाली, दोघींचंही चूक आहे, खालचे बदललेत. मग त्यांची जुंपली. अक्का सगळ्यांत मोठी म्हणून तिचंच खरं, मधलीचा चष्मा नवा म्हणून तिचंच खरं. अक्कानं मला हाक मारली, "ओ पाव्हणं, तुमी सांगा की. तुमी व्हते ना तितं."

"मी कापडवाला माणूस," मी म्हणालो. "मला दातांतलं काय कळतंय."

त्यावर मधली हसली, मग धाकटी, मग अक्का मागं कलंडून हसली. तिचे तपकिरी दात, वरचे खालचे, सगळे उन्हात उघडे. आणि माझी बायको अशी हसायला लागली की पार ओढ्यावरची मुलं वळून बघायला लागली. माझे डोळे भरून आले आणि मी ज्वारी बघायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

मागं अक्काचं अजून चाललंच होतं. एकेक दात हलवून बघत होती, कुठला निघतो का म्हणून. हसून हसून बायकोला श्वास घेता येईना. तिनं अक्काचं मनगट धरून बाजूला केलं.

"हात काड गं अक्का," ती म्हणाली. "सगळे माजेच हायत."